पांढरी, मधे रेघ असलेली

दुपारी अडीचला दाजी पेठेत
कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.
शटर अर्धं खाली ओढून मी पंख्याखाली बसलेलो,
मागच्या बोळातले माग खटखटत होते
नेहमीसारखे, म्हणजे ऐकूच न येण्यासारखे.

रेणुका येमूल वाकून आत आली.
हातात पिशवी, पिशवीत फाईल,
फाईलमध्ये चार घड्यांचा एक कागद.
"अण्णा, तेवढं नाव सांगा की त्या गोळीचं."

कुठल्या गोळीचं?

"हरिणी पोटात होती तेव्हाची.
पांढरी. मधे रेघ.
तुम्ही पेपरात बांधून द्यायचे, तीन-तीन.
दवाखान्यात विचारलालेत."

कागद मी वाचला.
गरोदरपणात घेतलेली औषधे : नाव, प्रमाण, कितवा महिना.
बाकी सगळं तिनं कुणाकडून तरी भरून घेतलेलं,
नवऱ्याचं वय, नळाचं पाणी की बोअरचं,
एवढी एकच टिंबांची ओळ रिकामी.

हरिणी मला माहीत आहे.
खोकल्याच्या बाटलीचं टोपण मागून न्यायची भातुकलीला.
गड्ड्याच्या जत्रेत, मागच्या जानेवारीत,
आकाशपाळण्यातून माझ्या नावानं ओरडली होती,
हत्तुरे मेडिकल! अशी, अख्खी पाटी.
आता टोपी घालते म्हणे, लोकरीची,
चव्वेचाळीस डिग्रीत.

मधे रेघ असलेल्या पांढऱ्या गोळ्या
माझ्या फळ्यांवर शंभर तरी निघतील.
तापाची, उलटीची, खाजेची, झोपेची.
रेघ असते अर्धी करता यावी म्हणून.
अर्धी घे, म्हणालो होतो का मी?
कितवा महिना, असं विचारलं होतं का?
विचारलंच असणार.
विचारलंच असणार, असं हल्ली मी रात्री म्हणतो.

वही काढली. सहा वर्षांपूर्वीची, उधारीची,
लाल कापडाची, एक कोपरा वाळवीनं नेलेला.
ती माझ्या बोटाकडे बघत राहिली
कारखान्यात चेकर विड्या मोजताना बघतात तशी,
किती बाद करतो म्हणून.

सापडलं.
येमूल बाई, १२.
येमूल बाई, १२.
येमूल बाई, ३०. जमा २०.
पाच महिने असंच.
एक रुपया चुकलेला नाही माझा.
नाव एकाही गोळीचं नाही.

"बाराला कुठली येत होती तेव्हा?"
तेव्हा बरंच काही यायचं, मी म्हणालो.

"डॉक्टर म्हणाले, गोळीनंच झालं असं काही नाही.
कुणालाच नक्की सांगता येत नाही म्हणे अजून.
मग विचारतात कशाला?"
पुढच्यांसाठी.
"पुढच्या कुणाच्या?"

तिच्या नखांत तंबाखूची भुकटी होती.
नऊ महिने मांडीवर सूप, सुपाला टेकलेलं पोट,
दिवसाला हजार विड्या.
कागदावर त्याचाही एक चौकोन होता, कोरा.
मी त्यावर बोट ठेवलं नाही.
ठेवलं असतं तर वहीतलं बोट उचलावं लागलं असतं.
म्हणून नाही ठेवलं? की तिची दया आली?
हे मला अजून नीट लावता येत नाही.

"तुमच्या मनानं लिहा एखादं," ती म्हणाली,
"रिकामं नेलं तर परत पाठवतात."

पेन घेतलं. टिंबांवर लिहिलं :
नाव माहीत नाही. मी दिली.
खाली दुकानाचा शिक्का मारला, लायसन्स नंबरसकट.
शाई कमी होती, दोनदा दाबावा लागला.
तिनं विचारलं, काय लिहिलंत?
वाचून दाखवलं.
तिनं कागदाच्या त्याच चार घड्या घातल्या.

जाताना म्हणाली,
"बाकी काही राहिलंय का माझं, त्या वहीत?"
दहा रुपये होते.
नाही, म्हणालो.

शटरखालून वाकून ती गेली.
लाईट गेली असावी, माग थांबले होते.
तिची चप्पल मग
बरीच लांबपर्यंत ऐकू आली.